सोनकांबळे सरांचा कर्नल

सोनकांबळे सर कुठल्याही खोलीत शिरले की आधी दाराजवळची खुर्ची शोधत. ती रिकामी नसली तर उभे राहत. स्टाफरूममध्ये बैठक लांबली, सगळे जांभया देऊ लागले, तरी ते चौकटीला टेकून उभेच. कोणी म्हणालं, "सर, बसा की," तर म्हणत, "बसतो, बसतो," आणि बसत नसत.

लातूरच्या ज्या कोचिंग क्लासमध्ये मी केमिस्ट्री शिकवायला लागले, तिथे ते कॉम्प्युटर लॅब सांभाळायचे. आधी नांदेडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत होते. तिथल्या विद्यार्थ्यांच्या जागा रिकाम्या राहू लागल्या, पगार तीन-तीन महिने अडकू लागले, तेव्हा त्यांच्यासारखे बरेच जण आमच्याकडे आले. त्या काळात लातूरला गल्लीगल्लीत क्लास निघाले होते. जूनमध्ये बसस्टँडवर ट्रंका, गाद्या, आणि पोराचा हात न सोडणाऱ्या आया. चौकाचौकात पहिल्या आलेल्या पोरांचे हसरे फोटो. आणि दर आठवड्याला परीक्षा, तीही कॉम्प्युटरवर, म्हणून लॅब.

सर उंच होते, पण वाकून चालत. शर्ट कायम फिकट निळा. बोलताना समोरच्याच्या चपलांकडे बघत. पहिले काही महिने आमच्यात "गुड मॉर्निंग मॅडम" आणि "गुड मॉर्निंग सर" एवढंच. मग एकदा माझ्या घरचा लॅपटॉप फार रखडायला लागला म्हणून तो मी त्यांच्याकडे नेला. त्यांनी तो उघडला, कान जवळ नेऊन पंख्याचा आवाज ऐकला आणि पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले, "मॅडम, ह्याला कुणीतरी हळू चाल म्हणून सांगितलंय. कुणी सांगितलं ते बघावं लागंल."

मला वाटलं, विनोद करतायत. पण ते विनोद करत नसत. मग त्यांनी समजावून सांगितलं. कॉम्प्युटरचा प्रोसेसर सगळा वेळ एकाच वेगानं पळत नाही. काम नसलं की वेग कमी करतो, वीज वाचवतो, तापत नाही. काम आलं की वाढवतो. "रिक्षावाला चढावर गिअर बदलतो ना, तसं. फक्त हे सेकंदात कितीदा तरी चालतं." आणि तो वेग कधी वाढवायचा, कधी उतरवायचा, हे ठरवणारा भाग ऑपरेटिंग सिस्टिमच्या अगदी पोटात असतो, कर्नलमध्ये. तिथं गडबड झाली की मशीन बंद पडत नाही, चूक दाखवत नाही, नुसतं रेंगाळतं. माणसाला वाटतं, मशीन म्हातारं झालं. टाकून देतात.

"अशी गडबड हुडकायला लई मजा येते," ते म्हणाले आणि लगेच ओशाळले. मजा हा शब्द त्यांच्या तोंडी मी नंतर क्वचितच ऐकला.

हा कर्नल जगभरातले लोक मिळून लिहितात, कोणीही चूक कळवावी, कोणीही सुधारणा पाठवावी, हे मला त्यांच्याकडून कळलं. सर गेली कित्येक वर्षं त्या लोकांना मेल पाठवत होते. फक्त ह्या एका विषयावर, प्रोसेसरचा वेग. दहा मेल पाठवले तर एखाद्याला उत्तर येई. तेही एका ओळीचं. "हे करून बघून सांगाल का?" अशी ओळ कुठल्या तरी थंड देशातून आली की सर दोन दिवस वेगळेच दिसत. चहा स्वतःहून मागवत.

ते राहायचे औसा रोडच्या आत एका गल्लीत, भामाबाईंच्या मागच्या खोलीत. खोली पत्र्याची. लातूरला तोपर्यंत फ्लॅटच फ्लॅट झाले होते, क्लासनं त्यांना राहायला एक देऊही केला होता. ते गेले, जिन्यापर्यंत जाऊन वर छताकडं बघितलं, आणि परत आले. भामाबाईंची खोली उन्हाळ्यात भट्टी व्हायची. सर अंगणात बाज टाकून झोपायचे. पावसाळ्यात पत्र्याखाली, पण दार उघडं.

मी एकदा कसला तरी फॉर्म द्यायला त्यांच्याकडे गेले होते, तेव्हा भामाबाईंनी मला ओट्यावरच गाठलं. "मॅडम, बरं झालं आलाव. सरांना जरा इचारा की, त्ये कर्नलसाहेब कवा यायलेत?"

"कोण कर्नलसाहेब?"

"आवं, मिलटरीतले. सर रोज त्यांचंच काम करून राहिलेत. म्या इचारलं, सर, एवढं काय लिवता? तर म्हनले, कर्नलला पाठवायचंय. चार वर्षं झाली, न्हाई कर्नल आला, न्हाई कुनी शिपाई. माज्या भाच्याला भरती व्हायचं हाय. येवढा शब्द टाका म्हनावं."

मी हसू दाबत आत गेले आणि सरांना सांगितलं. वाटलं, तेही हसतील. ते गंभीर झाले. "मी त्यांना दोनदा समजावलं मॅडम. पण त्या शेजारणींना लई अभिमानानं सांगतात, आमच्या सरांची कर्नलशी ओळख हाय. आता काय बोलू?" मग म्हणाले, "तसं बघितलं तर ओळख न्हाईच. त्यांच्यातल्या कुणाचं तोंडबी बघितलं न्हाई मी."

भामाबाई त्यांच्यासाठी स्थळंही आणत. सर ऐकून घेत, "बघू" म्हणत. ते "बघू" इतकं सौम्य असे की पुढचे काही महिने भामाबाई आशेवर राहत. दर रविवारी सर सकाळी विहारात जात, मागच्या बाजूला बसून वंदना म्हणत, पोरांना कॉम्प्युटरचं काही अडलं असलं तर सांगत, आणि कोणी जेवायला बोलवायच्या आत निघत. एकटेपणाची त्यांना हौस होती असं नाही. माणसांत मिसळायची वाट कुठून सुरू होते, तेच त्यांना दिसत नसावं.

लॅबमधले लॅपटॉप संचालकांनी एका कंपनीतून वापरलेले, एकगठ्ठा आणले होते. सरांनी त्यांवर सगळी यंत्रणा स्वतः बसवली होती. पहिलं वर्ष बरं गेलं. दुसऱ्या वर्षी पोरं तक्रार करू लागली, की मध्येच स्क्रीन अडकते, आकृती यायला वेळ लागतो, पुढचा प्रश्न उघडत नाही. सुपरवायझर म्हणायचे, अभ्यास झालेला नसला की सगळं अडकतं. आम्ही शिकवणारेही थोडंफार तसंच म्हणत होतो.

सर मात्र कामाला लागले. आधी त्यांना वाटलं, तापत असतील. एकेक लॅपटॉप उघडून ब्रशनं धूळ काढली, प्रोसेसरवरचा वाळलेला लेप खरवडून नवा लावला. फरक नाही. मग वाटलं, वेग ठरवणारी सेटिंग चुकत असेल. त्यांनी मशीनला सांगून ठेवलं, काम असो नसो, पूर्ण वेगानंच पळायचं. तरी काही मशीन मध्येच मंद व्हायची, आणि बंद करून चालू केली की पुन्हा शहाण्यासारखी चालायची. जुना कर्नल बसवून बघितला, मग त्याहून जुना, मग मधला. तो प्रत्येक वेळी नव्याने तयार करायला त्यांच्या खोलीतल्या मशीनला अर्धा-अर्धा दिवस लागायचा. ते डबा खात स्क्रीनसमोर बसलेले असायचे. मी विचारलं, "सर, कंटाळा नाही येत?" तर म्हणाले, "कंपाईल होईपर्यंत कुणीतरी काम करून राहिलंय असं वाटतं खोलीत."

मग त्यांच्या लक्षात आलं, की तक्रारी लॅबभर पसरलेल्या नाहीत. त्या भिंतीकडच्या शेवटच्या रांगेतून येतात. आणि ज्या दुपारी लाइट जाते त्याच दुपारी येतात.

त्या रविवारी मी जादा तासाला आले होते. तास संपवून लॅबवरून जाताना बघितलं, तर सर एकटे, शेवटच्या रांगेत, खाली वाकून लॅपटॉपच्या चार्जरची पिन काढतायत, लावतायत. काढतायत, लावतायत. मला बघून म्हणाले, "मॅडम, वेळ हाय का जरा? मी पिन काढतो, तुम्ही हा वेगाचा आकडा वाचा."

आम्ही दुपारभर तेच केलं. पिन काढली की आकडा खाली उतरायचा. लावली की वर. पुन्हा, पुन्हा. माझी मान दुखायला लागली. आणि मग एकदा सरांनी पिन काढून झटकन लावली, आणि आकडा खालीच राहिला.

"वर गेला?"

"नाही."

"आता?"

"नाही सर. खालीच आहे."

ते उठले. गुडघ्यावरची धूळही झटकली नाही. स्क्रीनकडं बघत राहिले आणि म्हणाले, "सापडलं."

त्यांनी मला सांगितलं ते असं. लाइट गेली की लॅपटॉप बॅटरीवर येतो आणि त्याच्या बोर्डवरचा मूळ प्रोग्राम कर्नलला निरोप देतो, आता जोरात पळू नको. लाइट आली की दुसरा निरोप, आता पळ. बाकीच्या रांगा इन्व्हर्टरवर होत्या, त्यांना लाइट गेल्याचं कळतही नसे. शेवटची रांग नंतर वाढवलेली, तिची वायर वेगळी, थेट जनरेटरवर. लाइट जायची आणि जनरेटर लगेच सुरू व्हायचा. दोन निरोप एकामागोमाग एक यायचे. कर्नल पहिला निरोप हाताळत असतानाच दुसरा आला, तर तो हरवून जायचा. मग ते मशीन परीक्षा संपेपर्यंत तसंच, तिसऱ्या हिश्शाच्या वेगानं. परीक्षेचं घड्याळ मात्र सर्व्हरवर, ते बरोबर चालायचं.

"म्हणजे त्या रांगेतल्या पोरांना..." मी म्हणाले.

"हाव," सर म्हणाले. "वेळ कमी मिळाला. आणि कुणाला कळलं न्हाई."

आमच्याकडे परीक्षेच्या गुणांवर बॅच ठरायची. वरच्या बॅचला चांगले शिक्षक, खालच्या बॅचला नवखे. लॅबमधल्या जागा वर्षभर ठरलेल्या असत. शेवटच्या रांगेत बसणाऱ्यांपैकी बहुतेकांचे गुण थोडेफार घसरले होते, पण ते लातुरातलेच होते, घरी आईबाप होते, पुढच्या परीक्षेत सावरत होते. त्या रांगेतली एकच मुलगी वरच्या बॅचमधून पार शेवटच्या बॅचमध्ये आली होती. रेणुका मडावी. किनवटकडच्या जंगलातल्या गावची, आश्रमशाळेत शिकलेली. माझ्या तासाला ती पहिल्या बाकावर असायची. सेंद्रिय रसायनातलं काही विचारलं, तर मान खाली घालून पण बरोबर उत्तर द्यायची. बॅच उतरल्यावर ती एक दिवस हॉस्टेलवरून ट्रंक घेऊन निघून गेली होती. आम्ही म्हणालो होतो, झेपलं नसेल.

सोमवारी सर संचालकांच्या केबिनमध्ये गेले. मलाही सोबत घेतलं. टेबलावर चौकात लावायच्या नव्या बोर्डाचे नमुने पसरले होते, गुणवंतांचे फोटो. सरांनी ते बाजूला करून लॅपटॉप ठेवला. ते असं काही करू शकतील यावर माझा विश्वास बसला नसता.

त्यांनी पिन काढली, लावली. चौथ्या-पाचव्या वेळी मशीन अडकलं. सरांनी एक प्रश्न उघडायला घेतला. पान उघडत राहिलं.

संचालक म्हणाले, "चालू तर आहे की."

"चालू हाय सर. पण पोराला उत्तर द्यायचं असतंय."

"मग दुरुस्त करा ना. तुम्हाला कोण अडवून राहिलंय?"

"मी त्यातून वाट काढली हाय. आजपासून न्हाई अडकणार. पण झालेल्या परीक्षा?"

संचालक वाईट माणूस नव्हते. त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले. "सोनकांबळे सर, निकाल लागले. पालकांना मेसेज गेले. आता मी सगळ्यांना सांगू, की आमच्या लॅबमध्ये घोळ होता? उद्या समोरच्या क्लासवाले ढोल वाजवतील."

"सगळ्यांना नका सांगू. एका पोरीला सांगा. ती घरी गेली."

"कोण?"

मी नाव सांगितलं. संचालकांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "आली परत, तर वरच्या बॅचमध्ये बसवतो. माझा शब्द. पण क्लासकडून कोणी जाणार नाही, काही लिहून देणार नाही."

"मी जातो," सर म्हणाले. "सुट्टीच्या दिवशी."

बाहेर आल्यावर त्यांनी माझ्या चपलांकडं बघत विचारलं, "मॅडम, तुम्ही चलाल का? पोरीच्या घरी जायचंय. बाईमाणूस सोबत असलेलं बरं. आणि मला बोलता येत न्हाई तितकं."

शनिवारी लातूरहून बसनं नांदेडला आलो, माझ्या माहेरी मुक्काम केला. सर अंगणात झोपले. आईनं विचारलं, "ह्यांना आत जागा नाही का दिलीस?" मी म्हणाले, राहू दे.

सकाळच्या गाडीनं किनवटला निघालो. मुदखेड गेलं, भोकर गेलं. बाहेर कापसाची शेतं, मग हळूहळू सागवान सुरू झालं. डब्यात गर्दी नव्हती. सर दाराजवळच्या बाकावर बसले होते. मी काही न विचारता त्यांनी स्वतःहून बोलायला सुरुवात केली, बाहेर बघत.

त्यांचं गाव भूकंपाच्या पट्ट्यातलं. भूकंप झाला तेव्हा ते नांदेडला हॉस्टेलवर होते, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. गणपती उठल्यावर घरी येतो असा निरोप त्यांनी आईला दिला होता. कॉलेजात तेव्हा कॉम्प्युटर मोजके. पोरांना पाळ्या लावून दिलेल्या. त्यांची पाळी नेमकी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी आली. प्रोग्राम चालवून मग जाऊ, म्हणून ते थांबले, आणि त्या रात्रीच भूकंप झाला.

"सकाळी मेसमध्ये रेडिओ चालू होता," ते म्हणाले. "मी हातातली पोळी तशीच ठेवली. मदतीच्या ट्रकमध्ये बसून गेलो. गल्ली ओळखू येईना. लिंबाच्या झाडावरून घराचा अंदाज केला. भाऊ शेतात राखणीला झोपला होता, म्हणून तो राहिला. आई, बाबा, बहीण, न्हाई."

मी त्यांच्या समोरच्या बाकावर जाऊन बसले.

"भाऊ मला कधी काही बोलला न्हाई मॅडम. एकदाच बोलला, पहिल्या दिवाळीला. म्हणला, आई त्या दिवशी मामाकडं जायाला निघाली होती. तू येणार म्हणून थांबली."

गाडीनं एका वळणावर लांब शिट्टी दिली. मला म्हणायचं होतं, सर, ह्यात तुमची काय चूक? पण ते वाक्य त्यांनी आयुष्यात किती जणांकडून ऐकलं असेल, की कुणाकडूनच ऐकलं नसेल, हे मला कळेना. शेवटी मी तेच वाक्य म्हणाले. सर म्हणाले, "पाळी माझी होती." आणि पुन्हा बाहेर बघू लागले.

स्टेशनपासून जीपनं, मग थोडं पायी. रेणुकाचं घर कुडाचं, मातीनं सारवलेलं. एका कोपऱ्यात छतापर्यंत कापूस रचलेला. रेणुका दारात बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. आम्हाला बघून ती उठली आणि ओढणी सारखी करून तशीच उभी राहिली. तिच्या वडिलांनी बाज टाकली. सर अर्थातच उभे राहिले.

मी बोलायचं असं ठरलं होतं. पण सरांनीच सुरू केलं. निरोप, जनरेटर, शेवटची रांग, सगळं. सोप्या शब्दांत, न अडखळता. माझ्यापेक्षा चांगलं. शेवटी म्हणाले, "रेणुका, तुझे गुण गेले ते तुझ्यामुळं न्हाई. मशीन अडकत होतं. चूक मशीनची होती, आणि ते मशीन मी बसवलं होतं."

मला वाटलं, ती रडेल. ती शांतपणे म्हणाली, "मला माहीत होतं सर."

सर बघतच राहिले.

"प्रश्न उघडतच नव्हता. मी हात वर केला, तर सुपरवायझर सर म्हणाले, कारणं सांगू नको. दुसऱ्यांदा पण म्हणाले. तिसऱ्यांदा मी हात वर केला नाही."

"मग आम्हाला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"कुणाला सांगू मॅडम? सगळे म्हणाले असते, आश्रमशाळेची आहे, झेपत नाही."

मी मान खाली घातली. सरांनी संचालकांचा शब्द तिला सांगितला. ती म्हणाली, "बघते." म्हणजे नाही, हे मला समजलं. आपण एवढ्या लांब आलो आणि तिला जे सांगायला आलो ते तिला आधीच ठाऊक होतं, हे सरांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

तेवढ्यात तिचे वडील पुढे आले. ते इतका वेळ कापसाजवळ उकिडवे बसून ऐकत होते. म्हणाले, "सर, मंग आमी तिला बोललो, ते?"

"काय बोललात?"

"आली तवापासून बोलून राहिलो. शिकायला पाठवली, तिथं खेळत बसली. गावात तोंड दाखवायला जागा न्हाई ठेवली. दोन म्हयने झाले, मी तिच्या हातचं पाणी घेत न्हाई." ते सरांच्या आणखी जवळ आले. "ती सांगत होती, मशीन खराब होतं. मी म्हनलो, खोटं बोलते."

"खोटं न्हाई बोलली ती," सर म्हणाले. "मी स्वतः बघितलं. ह्या मॅडमनी बघितलं."

वडील मुलीकडे वळले आणि गोंडीत काही तरी म्हणाले. चार-पाच शब्द असतील. रेणुकानं तोंड फिरवलं. मग ती आत गेली, लोटाभर पाणी घेऊन आली, आधी आम्हाला दिलं आणि मग वडिलांपुढे धरलं. ते उभ्यानंच प्याले. पाणी त्यांच्या हनुवटीवरून शर्टावर सांडत होतं.

परतीच्या वाटेवर, धुळीच्या रस्त्यावर, सरांनी मला विचारलं, "काय म्हणले असतील ते, त्यांच्या भाषेत?"

"माफी मागितली असेल."

"बापानं?" ते थबकले. मग पुढे चालू लागले. जीप येईपर्यंत ते माझ्या पुढेच चालत राहिले, त्यांचा चेहरा मला दिसला नाही.

आठवड्याभरानं रेणुका परत आली. ट्रंक वडिलांच्या डोक्यावर होती. त्या वर्षी तिला एमबीबीएस मिळालं नाही, आयुर्वेदाला लागली, नांदेडला. आता ती किनवटच्याच बाजूला एका सरकारी दवाखान्यात डॉक्टर आहे.

सरांनी लॅबपुरती तात्पुरती वाट काढली होती, पण मूळ चूक कर्नलमध्ये होती. ती त्यांनी त्या लोकांना कळवली. महिनाभर उत्तर नाही. पुन्हा कळवली. कोणी तरी म्हणालं, आमच्याकडे असं होत नाही. सरांनी पिन काढायची-लावायची पद्धत नीट लिहून पाठवली. मग त्या थंड देशातल्या माणसानं सुधारणा लिहून पाठवली, सरांनी तपासली, ती अपुरी होती असं कळवलं. त्यानं पुन्हा पाठवली. हे बरेच महिने चाललं. एके दुपारी स्टाफरूममध्ये ते माझ्या टेबलाजवळ आले, लॅपटॉप वळवून मला दाखवला. इंग्रजीतल्या बऱ्याच मजकुराखाली एक ओळ होती, चूक कळवणाऱ्याचं नाव, आणि पुढे त्यांचं नाव. गौतम सोनकांबळे.

"म्हणजे हे आता जगभर?"

"हाव. पुढच्या आवृत्तीपासून. जिथं जिथं असलं मशीन हाय, तिथं."

"सर, पेढे हवेत. कुणाकुणाला सांगितलंत?"

ते विचारात पडले. "तुम्हाला," म्हणाले.

मी त्या दिवशी स्टाफरूममध्ये सगळ्यांना ओरडून सांगितलं. टाळ्या झाल्या. कोणी विचारलं, "पण म्हणजे नेमकं काय केलं सरांनी?" मी सांगायला लागले, तोवर पुढच्या तासाची घंटा झाली.

पुढच्या वर्षी क्लासनं परीक्षांचं काम बाहेरच्या कंपनीला दिलं. त्यांची स्वतःची यंत्रणा, स्वतःची माणसं. लॅब बंद झाली. सरांनी निरोप समारंभ करू दिला नाही. किल्ल्या ऑफिसात ठेवल्या आणि नांदेडला गेले, एका पॉलिटेक्निकमध्ये. भामाबाईंनी त्यांची बाज विकली नाही. मला भेटल्या की विचारत, "सरांचं लगीन झालं का?"

सुरुवातीला फोन व्हायचे. सर फोनवर आणखीच कमी बोलत. मग फोन थांबले, भांडण न होता, जसे थांबतात तसे.

त्यांना शेवटचं बघितलं त्याला बरीच वर्षं झाली. मी नांदेडला माहेरी आले होते, वजिराबादच्या एका साड्यांच्या दुकानात शिरले, तर काउंटरशी सर उभे. केस पांढरे. समोर साड्यांचा ढीग, आणि सेल्समन वैतागलेला.

"मॅडम! बरं झालं भेटलात." त्यांना खरंच आनंद झाला होता. "पुतणीचं लग्न हाय. तिच्या सासूला साडी घ्यायची म्हणून मला पाठवलंय. भाऊ म्हणला, काका म्हणून तूच घे. आता सासूला काय आवडतं, ते मला काय माहीत?"

"वय काय असेल?"

"कधी बघितलं न्हाई."

मी एक जांभळी साडी काढून दिली, मोरपंखी काठाची. त्यांनी ती दोन्ही हातांत घेऊन उलटसुलट बघितली, जशी ते पूर्वी मशीन बघत. "चांगली हाय," म्हणाले. मग, "लग्नात काय काय करावं लागतं मॅडम, काकाला?"

"काही नाही. सगळ्यांच्या मध्ये उभं राहायचं. फोटोत यायचं."

"जमंल का?"

"जमेल सर."

दुकानातून आम्ही एकत्रच बाहेर पडलो. संध्याकाळची गर्दी होती. त्यांना रस्त्यापलीकडे जायचं होतं, मला इकडून ऑटो मिळाला. मी बसले, हात हलवला. त्यांच्या दोन्ही हातांत साडीचा खोका होता, म्हणून त्यांनी नुसती मान हलवली आणि रस्त्याच्या कडेला उभे राहिले. मोटरसायकली जात होत्या, ऑटो जात होते, एक टेम्पो गेला. ते प्रत्येकाला जाऊ देत होते. माझा ऑटो चौकात वळला तेव्हा मी मागे वाकून बघितलं. ते अजून तिथंच होते, खोका छातीशी धरून, रस्ता मोकळा व्हायची वाट बघत.